उजवी बाजू

प्रिय ठमे,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर नाही म्हणून तू मनातल्या मनात मला दोन-चार शब्द सुनावले असशीलच, तेवढा हक्क तुला आहे. पण आधी माझी एक तक्रार. पत्रभर तू मला ‘तुम्ही’ म्हटलं आहेस. मावशीला कुणी तुम्ही म्हणतं का गं? मी काय वीज कंपनीतली साहेब आहे? आणि मी तुला ठमी म्हणते त्याचा राग मानू नकोस. मी तुला एकदाच पाहिलं आहे, तेव्हा तू सात महिन्यांची होतीस. मनगटांना वळ्या पडलेल्या होत्या आणि तुला मांडीवर घेऊन माझा पाय बधिर झाला होता. आता तू चोवीस वर्षांची आहेस, नाचतेस, काटकुळी असशील. माझ्या मनात मात्र तू तेवढीच राहिलीस, त्याला माझा इलाज नाही.

तुझ्या आईबद्दल, माझ्या ताईबद्दल लिहिलंस ते मी दारातच, उभ्याने वाचलं. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. कळतं सगळं, सांगता काही येत नाही. यापुढे फार फरक पडणार नाही असं डॉक्टर म्हणाले. तू हे इतकं नीट, ओळीने लिहिलं आहेस की मला जाणवलं, हे तू आधी कितीतरी जणांना सांगून झालेलं असणार. एकटी पोर तू, कुणाकुणाला सांगितलं असशील. आणि मग शेवटच्या पानावर तुझं मागणं. ताईने तुला आमच्या जोडीच्या नाचातली तिची डावी बाजू लहानपणापासून शिकवली, पुरी शिकवली. उजवी कधीच दाखवली नाही. तू फार हट्ट केलास तेव्हा एवढंच म्हणाली, “उजवी मावशीकडे आहे. तिच्याकडूनच घ्यायची.” आता बाई नाहीत, ताईची वाचा नाही, आणि तुझ्याबरोबर उभी राहणारी मैत्रीण तयार आहे. मी फक्त यायचं आणि माझी बाजू तिला द्यायची. ताई खुर्चीत बसून बघेल. किती साधं मागणं आहे.

साधं उत्तर देण्याआधी मला थोडं बोलू दे. माझ्याशी बोलणारी माणसं हल्ली कमी आहेत, तेव्हा पाल्हाळ लावेन, सहन कर.

बाई म्हणजे आमच्या नाचाच्या बाई, हे तुला ठाऊक आहे. त्यांनी आम्हाला तो जोडीचा नाच कसा शिकवला, ते ताईने सांगितलंय का? ताई सकाळी जायची, मी दुपारी. वर्षभर आम्ही एकमेकींची बाजू पाहिलीसुद्धा नाही. घरी आल्यावर दाखवायची नाही, अशी सक्त ताकीद होती. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आणि शहाणी, तिने कधी दाखवली नाही. मी एकदा स्वयंपाकघरात दाखवायला गेले तर तिने डोळ्यांवर फडकं धरलं. वर्षाने बाईंनी आम्हाला शेजारी उभं केलं आणि तालवाल्या काकांना सुरू करायला सांगितलं. मी हात फेकला तिथे ताईचा हात आधीच आलेला होता. मी पडेन असं वाटलं तिथे तिचा खांदा होता. आम्ही दोघी नाचता नाचता रडायला लागलो आणि बाई ओरडल्या, की रडायचं असेल तर घरी जा. लिहून ठेवू म्हटलं तर त्यांना ते चालायचं नाही. कागदावरचा नाच म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे, असं त्या म्हणायच्या. त्या काळी चित्रीकरण वगैरे कुणी करत नसे, आणि केलं असतं तर बाईंनी यंत्र उचलून फेकलं असतं.

तर त्या नाचात मध्यावर एक जागा आहे. तू डावी बाजू करतेस म्हणजे तुला पलीकडून ती माहीत आहे. मी गिरकीतून खाली येते, सगळा भार डाव्या चवड्यावर, उजवा हात मागे, मान ताईकडे वळलेली, आणि पुढच्या ठोक्याला ताई माझं डावं मनगट पकडते. डोळ्याचं पातं लवतं ना लवतं तेवढाच वेळ. मी तिथे जरा रेंगाळले की बाई काठी आपटायच्या. “इथे थांबायचं नसतं, इथून जायचं असतं.” हजार वेळा तरी ऐकलं असेल.

तो चित्रकार आमच्या तालमीच्या खोलीत आला तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. बाईंची परवानगी काढून आला होता. कोपऱ्यात हीटरजवळ स्टुलावर बसायचा आणि मांडीवर वही ठेवून भराभर रेघा ओढायचा. आठवडाभराने त्याने मला विचारलं की मधली ती जागा थोडी धरून ठेवता येईल का. येणार नाही, असं कोणीही सांगितलं असतं. ताईने सांगितलंसुद्धा. मला मात्र अंगात वारं भरल्यासारखं झालं. मी मोजून चार मिनिटं उभी राहिले. त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि नुसता बघत बसला. ठमे, मला तोवर कुणी तसं बघितलं नव्हतं. लोक नाच बघायचे, आम्हा दोघींना बघायचे. हा फक्त मला बघत होता. तुझी आई गोष्ट सांगताना त्याला पळवून नेणारा राक्षस करत असेल, तर तसं नव्हतं. मी आपल्या पायांनी गेले.

त्याची खोली एका छापखान्याच्या वर होती. खाली यंत्रं सुरू झाली की जमीन थरथरायची. मधोमध लाकडी चौथरा. माझ्या पावलांभोवती तो खडूने रेघ ओढायचा, म्हणजे विसावा घेऊन परत आल्यावर पाय नेमके तिथेच पडावेत. वीस मिनिटं उभं राहायचं, पाच मिनिटं बसायचं. हात अधांतरी ठेवणाऱ्यांसाठी तुळईला एक दोर बांधलेला असतो, बोटं त्यात अडकवायची. मी पहिले दोन महिने दोराला हात लावला नाही. दोर म्हणजे मला अपमान वाटायचा. त्या दोन महिन्यांत माझ्या डाव्या गुडघ्याचं जे व्हायचं ते झालं, पण ते नंतर कळलं. तो वाईट माणूस नव्हता. खोली गरम ठेवायचा. माझी पोटरी थरथरणार हे मला कळायच्या आधी त्याला कळायचं. त्याच्या तोंडून मी सर्वांत जास्त वेळा काय ऐकलं असेल, तर ‘हलू नकोस’. मी त्याच्यावर प्रेम केलं, हे तुला मोकळेपणाने सांगते. पन्नाशी उलटल्यावर आता लाजायचं कशाला.

तालमीला मी जातच होते. पहिल्यांदा मी त्या जागेवर अडखळले तेव्हा ताई हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. दुसऱ्यांदा तिचा हात माझ्या मनगटाशी येऊन परत गेला. मग आम्ही दोघींनी तो विषयच टाळला, आणि तीच आमची चूक. दोघींना वाटलं, लोकांसमोर उभं राहिलं की सगळं आपोआप जागेवर येईल, कारण आजवर तसंच येत होतं.

त्या दुपारी नाट्यगृह भरलं होतं. पहिला अर्धा नाच इतका सुरेख झाला की काका मान डोलावत होते. मी गिरकीतून खाली आले आणि थांबले. घाबरून नाही गं. माझ्या अंगाला ती जागा घरासारखी झाली होती, ते घरी येऊन थांबलं. ठोका गेला. ताईचा हात आला, माझं मनगट तिला ओढून येईना. काकांनी पुन्हा फिरून तोच ताल घेतला, ताई पुन्हा वळून आली. चार वेळा आली. चौथ्या वेळी तिने माझ्या कानाशी नुसतं “चल” म्हटलं. मला ऐकू आलं आणि मी हलले नाही. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं नाच असाच संपतो. ताई तशीच चालत पडद्याआड गेली. पहिल्या रांगेत तो उभा राहून टाळ्या वाजवत होता, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानंतर आम्ही दोघी एकत्र नाचलो नाही.

भांडण म्हणशील तर झालं नाही. मी म्हटलं, गुडघा बरा झाला की येते. ताई म्हणाली, बरं. मग गुडघा कधी बरा झाला नाही आणि मी वर्षामागून वर्षं छापखान्याच्या वर उभी राहिले. एकूण नऊ वर्षं. त्याने तीच एक जागा चाळीसेक वेळा रंगवली, कारण त्याच्या मते एकदाही जमली नव्हती. कधी माझ्या पुढ्यात खिडकी, कधी पडदा, पुष्कळदा काहीच नाही. ताईचा हात त्याने एकदाही काढला नाही. ती बाई रिकाम्या हवेकडे बघून कुणाला तरी बोलावते आहे, असं जाणकारांनी लिहिलं. मोठमोठे लेख आले. मला त्याची प्रेरणा म्हणायला लागले. प्रेरणेला रोज गुडघ्याला मलम चोळावं लागतं, हे कुणी छापलं नाही.

दहाव्या वर्षी तो वस्तू रंगवायला लागला. पहिली वस्तू माझीच चहाची किटली होती. मी विचारलं, आता मी काय करू? तो खरोखर गोंधळला. म्हणाला, तू बस ना, दमली असशील. किटली माझ्यापेक्षा गुणी निघाली, तिला पाच मिनिटांचा विसावाही लागत नव्हता. महिन्याभरात मी माझं सामान उचललं. तो वारला तेव्हा मला वर्तमानपत्रातून कळलं.

तुला मी पाहिलं ते त्या नऊ वर्षांतच. काकांनी सांगितलं, ताईला मुलगी झालीय, जा. मी गेले. ताईने चहा केला, तुला माझ्या मांडीवर दिलं. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मी निघाले तेव्हा दाराशी येऊन तिने हळूच विचारलं, “तुझी बाजू येते ना अजून?” मी म्हटलं, “येते की.” तिने मान हलवली आणि तिचा चेहरा असा मोकळा झाला की मी परत येताना स्वतःवर खूश होते. मला खरंच वाटत होतं की येते. करून बघायची गरजच पडली नव्हती. नंतर काकांकडून कळत राहिलं, की किती जणी तिच्याकडे आल्या, उजव्या बाजूला उभ्या राहायला तयार होत्या, नावाजलेल्या होत्या. ताईने कुणाला उभं केलं नाही. ती जागा माझी होती.

मी सध्या कपडे लहान-मोठे करून देणाऱ्या दुकानात आहे. सोळा वर्षं झाली. मला खाली वाकता येत नाही, म्हणून मालकीणबाईंनी गिऱ्हाइकांसाठी एक उंच चौथरा करून घेतलाय. ते त्यावर उभे राहतात, मी स्टुलावर बसून त्यांच्या पँटींच्या कडांना टाचण्या लावते आणि दिवसभर त्यांना ‘हलू नका’ सांगते. हसलीस तरी चालेल, मीही हसते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी लवकर घरी आले. टेबल भिंतीला सरकवलं, चटई गुंडाळली आणि तोंडाने ताल म्हणत सुरुवात केली. गुडघा नुसता नावाला आहे, म्हणून पावलं बारीक टाकली. आठवत गेलं. मला इतका आनंद झाला की शेजारीण दार ठोठावून विचारून गेली, बरं आहे ना. मी मधल्या जागेपर्यंत आले. तिथे थांबले. पुढे काही नव्हतं. विसरलेलं माणसाला जिभेवर असल्यासारखं वाटतं ना, तसंही नाही. भिंत होती. दुसऱ्या दिवशी शेवटाकडून मागे यायचा प्रयत्न केला, पण शेवट कुठला? ताल भरभर म्हणत, वेगाच्या जोरावर ती जागा ओलांडून बघितली. डोळे मिटून बघितलं. दुकानात टाचण्या लावताना बघितलं. तीन आठवडे माझं दुसरं काही चाललेलं नाही.

मग वाटलं, चित्र बघावं, चित्रात काही सापडेल. इथल्या संग्रहालयात एक आहे. रविवारी गेले. शाळेची मुलं आलेली होती आणि त्यांची शिक्षिका त्यांना चित्रातल्यासारखं उभं राहायला सांगत होती. मुलं उभी राहत आणि पडत. सगळी एकाच अंगाला पडत होती. शिक्षिका म्हणाली, या बाईला कसं जमलं असेल? मी मागच्या बाकावरच बसले होते. मुलांच्या पडण्यावरून माझं लक्ष पायाकडे गेलं. चित्रातलं डावं पाऊल बाहेर वळलेलं आहे. बाईंनी ते असं शिकवलं नव्हतं. मग आठवलं, तो कुंचल्याच्या दांड्याने माझा चवडा बाहेर ढकलायचा, चित्राला तोल हवा म्हणून. रोज थोडा. आणि मी रोज तसाच ठेवत गेले. त्या पावलावरून पुढचं पाऊल पडूच शकत नाही, ठमे. तिथून माणूस फक्त पडतं. हात, मान, कंबर, यातलं काय काय त्याने हलवलं असेल देव जाणे. म्हणजे पहिला अर्धा भाग मला आठवतो म्हणते, तोही बाईंचा उरलाय की त्याचा झालाय, हे मला सांगता येणार नाही. तुझ्या मैत्रिणीला मी चुकीचा देईन आणि मला कळणारही नाही.

आता तुझ्यापासून लपवलेली गोष्ट सांगते. गेल्या गुरुवारी मी तुमच्याकडे आले होते. तुझा हात मनगटाशी येताना पाहिला तर माझं अंग आपसूक पुढे जाईल, अशी वेडी आशा होती. दुपार होती. तुमच्या अरुंद गल्लीत अगदी समोर औषधाचं दुकान आहे, त्याच्या पायरीवर मी उभी राहिले. तुमची तळमजल्याची खिडकी उघडी होती. तू ताल लावून तुझी बाजू करत होतीस. छान नाचतेस गं, ताईपेक्षा खांदे मोकळे आहेत तुझे. ती जागा आली. तू रिकाम्या हवेत माझं मनगट पकडलंस आणि पुढे गेलीस. मी पायरीवर डोळे फाडून बघत होते. माझ्या अंगात काहीही हललं नाही. तू दोनदा केलंस, दोन्ही वेळा नाही. मग मी ताईकडे पाहिलं. खुर्चीत उशांना टेकून बसली होती, तोंड एका बाजूला ओढलेलं. माझी ताई इतकी म्हातारी कधी झाली? ती तुझ्याकडे बघत नव्हती. तुझ्या उजवीकडच्या मोकळ्या जागेकडे बघत होती. तिचे डोळे फिरत होते. वर गेले, खाली आले, थांबायच्या जागी न थांबता पुढे गेले, भिंतीपर्यंत जाऊन वळून तुझ्याकडे परत आले. माझी सगळी बाजू ती तिथे बघत होती, शेवटपर्यंत. मी त्या डोळ्यांवरून काही उतरवायचा प्रयत्न केला. पण डोळे कुठे गेले एवढंच कळतं, पाय कुठे पडला ते कसं कळणार? तू थांबलीस तेव्हा ताईचा चेहरा शांत होता. मी बसने परत आले.

म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि ते तू तिला वाचून दाखवायचं नाहीस. तिला सांग, मावशीने साफ नाही म्हटलं. म्हणावं, ती फार शेफारली आहे, माझी बाजू माझी आहे, कुणाला देणार नाही म्हणाली. हवं तर यात तुझ्या मनचं घाल, माझ्याबद्दल वाईट बोलायला तुला अडचण पडू नये. तिला राग येईल. येऊ दे. वाचा नसली तरी माणसाला रागावता येतं. तिला इतकंच वाटत राहू दे, की दूर कुठेतरी एका खोलीत तिची हट्टी बहीण ती बाजू अंगात घेऊन बसली आहे आणि द्यायला तयार नाही. माझ्याकडे ती नाही, हे आता तुला माहीत आहे. तुझ्या मैत्रिणीला दुसरं काहीतरी शिकव, आणि आईसमोर एकटी नाचत जा. तुझ्या उजव्या हाताकडची जागा मोकळी ठेव. ताई आहे तोवर नाच पुरा आहे, त्यानंतर नसेल. मला फोन करू नकोस, माझा आवाज तिने ओळखला तर मला खोटं बोलता यायचं नाही.

तुझीच,
नाही म्हणणारी मावशी